आधी इंजिन, मग डबा

७ जुलै, सोमवार

हमीदाचाची सकाळी स्वतः आल्या. छत्री मिटली नाही, ओटीवर टेकल्या नाहीत. बोटीवरून मदतीचा निरोप पाठवणारा आमच्या कंपनीचा डबा पायरीवर ठेवला.

"तुझा डबा घे गो परत. माझी पाच माणसं दर्यात जातात. नुसता दिवा लावणारा डबा मला नको."

गेल्या हंगामात त्यांची बोट इंजिन बंद पडून दीड दिवस वाहत गेली, हे माहीत होतं. सगळ्या श्रीवर्धनला माहीत आहे. त्यांच्या बोटीचा कप्तान, तांडेल धर्मा, त्याने तेव्हा डब्याचं लाल बटण दाबलं होतं, धरून ठेवलं होतं, पुन्हा पुन्हा दाबलं होतं, हे आज कळलं. काहीही गेलं नाही. मुरूडकडच्या एका बोटीला योगायोगाने दिसले म्हणून परत आले.

चहा विचारला. "चहा प्यायला आले नाही."

नवरा, नंदू, सुपारीच्या वाडीतून आला तेव्हा मी पायरीवरच, डबा मांडीवर. काय झालं म्हणाला. या डब्याच्या कर्नलमधला, म्हणजे प्रोग्रामच्या अगदी आतल्या गाभ्यातला, एक तुकडा माझ्या हातचा आहे. तोच बिघडलेला निघू नये, एवढंच.

८ जुलै

तोच निघाला. डबा उघडून आतली नोंद वाचली. शेवटची ओळ: "टाकं भरायला सुरुवात." पुढे काही नाही. ती ओळ मी लिहिलेली.

टाकं म्हणजे रँडम आकड्यांचं. डबा जो निरोप पाठवतो त्यावर मोहोर मारायला दर वेळी कुणालाही ओळखता न येणारा आकडा लागतो, नाहीतर कुणीही कुणाच्याही बोटीच्या नावाने बोंब मारेल. कॉम्प्युटरला हिशेब येतो, लहर येत नाही. सीलबंद डब्याला ना कीबोर्ड, ना माणसाचा हात. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी इंजिनाची थरथर वापरली. थरथर मोजणारी चिप लावली, तिचे शेवटचे, कधीच सारखे न येणारे अंक टाक्यात ओतायचे. तेव्हा ऑफिसात कौतुक झालं. मीही स्वतःचं बरंच केलं. जुन्या वहीत एक पान आहे त्याबद्दल. आज ते वाचायचा धीर झाला नाही.

नवी मुंबईहून समीरचा फोन. माझ्याहून बारा वर्षांनी लहान साहेब. "मॅडम, लॅबमध्ये दहा हजार वेळा चालू-बंद केलाय. एकदा पण अडकला नाही. पब्लिक नीट वापरत नाही, सिंपल."

"पब्लिक म्हणजे धर्मा."

"कोण धर्मा?"

बेचाळीस बोटींवर डबे आहेत. म्हणाला, १ ऑगस्टपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर तुमचा तुकडा काढून टाकू, सगळ्या डब्यांत एकच कायमचा आकडा भरू. मी म्हटलं, मग एक डबा फोडला की बेचाळीसही उघडे. "पण चालू तर राहतील ना, मॅडम?"

बरोबर बोलतोय तो, हाच त्रास.

१० जुलै, गुरुवार

बंदरावर गेले. बोट वर ओढलेली, झावळ्या आणि निळी ताडपत्री. धर्मा आत पान चघळत बसलेला. मला वाटलं रागावलेला असेल. "या बाय, सांभाळून. शेवाळ हाय."

इंजिन कोरड्यात चालवायचं तर थंड ठेवायला पाणी लागतं. त्याने पिंप भरून नळी लावली. माझ्याच पत्रकाप्रमाणे केलं: आधी डबा चालू, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा, मग इंजिन. दहा वेळा. दहाही वेळा हिरवा. मी घामाघूम, धर्माला जांभया.

डबा सोडून सामान भरणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा, एकदा आमच्या हिशोबानं बगतो." इंजिन सुरू केलं. बोट थरथरायला लागली. मग डब्याचं बटण दाबलं. हिरवा. बंद. पुन्हा. हिरवा. पुन्हा. पिवळा.

पिवळाच. पाच मिनिटं झाली तरी पिवळा, म्हणजे डबा सुरू होतानाच अडकलेला.

"असाच व्हता त्या दिवशी. आमाला वाटलं पिवळा तर पिवळा, दिवा हाय ना."

"धर्मादादा, आधी इंजिन का?"

माझ्याकडे असं बघितलं जसं मी विचारलं की आधी ताट का, मग जेवण. "स्टार्टरला बॅटरी पुरी लागते बाय. आधी दिवे, रेडिओ, डबा लावत बसलं आन् इंजिन उठलं न्हाय तर? सगल्या बंदरात आधी इंजिन. मग बाकी समदं."

सगळ्या बंदरात. आणि मी इथे सहा वर्षं राहते. समुद्र खिडकीतून दिसतो. पत्रक लिहिताना एकालाही विचारलं नाही.

तरी घरी येताना चिखलातून जवळजवळ पळत आले. सापडलंय. कुठे ते माहीत नाही, पण कधी ते सापडलंय!

११ जुलै

समीर खूश. "बघा, म्हणजे यूजर एररच. स्टिकर छापतो, 'आधी डबा, मग इंजिन'."

म्हटलं, छापू नकोस. धर्मा बरोबर आहे. "मॅडम, कोड बदलण्यापेक्षा माणूस बदलणं सोपं असतं." चाळीस वर्षं बॅटरी जपणारा माणूस, तो एका स्टिकरने बदलणार. आणि बदलला तरी एखाद्या घाईच्या सकाळी जुनी सवयच हात पुढे करणार. तीच सकाळ वाईट निघाली तर?

नाही म्हणाले. स्पष्ट.

१२ जुलै, शनिवार

घरात इंजिन नाही. मिक्सर आहे. डबा मिक्सरच्या डोक्यावर सुतळीने बांधला, वायर लॅपटॉपला. भांडं रिकामं फिरवलं तर थरथर बेताची. उडीद डाळ घातली. झकास धडधडलं.

नंदू दारात. "हे काय?"

"बोट."

"इडल्या होणार का पण?"

आधी मिक्सर, मग डबा. सहाव्या खेपेला पिवळा! आणि या वेळी वायर लावलेली, त्यामुळे आत कोण कुठे उभं आहे ते सगळं पडद्यावर. ओरडले. नंदूला वाटलं शॉक बसला.

तर असं आहे. टाक्याला एक कुलूप आहे. आकडे ओतायचे किंवा काढायचे तर आधी कुलूप ताब्यात घ्यायचं, म्हणजे दोघांनी एकदम हात घालू नये. आणि हे कुलूप असं की ते मिळेपर्यंत वाट पाहणारा दुसरं काही करत नाही, जागच्या जागी गरगरत राहतो. डब्यात प्रोसेसर एकच. तो टाकं तयार करतोय, कुलूप त्याच्याकडे. तेवढ्यात थरथरीच्या चिपची हाक येते, इंटरप्ट. हाक आली की हातातलं तसंच टाकून आधी ती पुरी करायची, पुरी झाल्याशिवाय परतायचं नाही, हा नियम. हाकेचं काम काय? टाक्यात अंक ओतणं. त्याला हवं कुलूप. कुलूप कोणाकडे? त्याच्याचकडे, अर्धवट टाकलेल्या कामात.

स्वतःच आत, स्वतःच बाहेर, आणि बाहेरचा आतल्याची वाट बघतोय. कायमचा.

लॅबमध्ये टेबल थरथरत नाही. म्हणून दहा हजार वेळा हिरवा.

कोडमध्ये कुलूप घेणाऱ्या ओळीच्या वर माझीच टीप आहे, तीन वर्षांपूर्वीची: "इथवर अजून इंटरप्ट येत नाहीत." खरंच येत नव्हते तेव्हा. पुढच्या पावसाळ्यात टाकं लवकर भरावं म्हणून चिप आधी सुरू करायला लागले. तेही मीच. दोन्ही वेळा शहाणपणाने वागले होते.

इडल्या छान झाल्या.

१४ जुलै

दुरुस्ती सोपी. कुलूप घेताना हाकाच बंद करायच्या, काम झालं की पुन्हा चालू. अशा कुलपाची सोय कर्नलमध्ये आहेच. चार ओळी. मिक्सरवर दोनशे वेळा, दोनशेही हिरवे. समीरला पाठवलं. टाकळ्याची भाजी केली, शीळ घालत.

१६ जुलै, बुधवार

शीळ घालायची घाई केली.

समीर: "मॅडम, अडकत नाहीये, पण सुरू होतानाची दहातली तीन लोकेशन गायब. मदत कुठे पाठवायची? माणगावच्या बाजारात?"

खरंय. टाकं ढवळायला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळ्याच हाका बंद, त्यात उपग्रहाकडून जागा सांगणारी हाकही हरवते. हाका मारून मारून तीही थकते बिचारी. आवाज जाईल, पण कुठून ते जाणार नाही. म्हणजे पुन्हा दीड दिवस वाहत जाणं.

पंधरा दिवस उरले. समीर आज चिडला नाही, हळू बोलला. ते जास्त लागलं. "मॅडम, एकच आकडा टाकू या का यंदापुरता?" नाही म्हटलं, पण शुक्रवारच्यासारखं नाही.

१९ जुलै, शनिवार

तीन दिवस काही जमलं नाही. कुलूप लहान केलं, ढवळणं तुकड्यांत केलं, प्रत्येक वेळी कुठेतरी गळती.

सकाळी सातला सायकलची घंटा. मी उठेपर्यंत पाववाला पिशवी फाटकाला अडकवून पुढे गेलाही होता. रोजच तसं करतो. दार उघडायची वाट बघत तो कधी थांबलेला नाही. थांबला तर गावाला पाव दुपारी मिळेल.

पिशवी हातात घेऊन फाटकाशीच उभी राहिले. पाऊस होता बहुतेक. नंदू म्हणतो, पाव भिजले.

२० जुलै

हाकेने कुलपाला हातच लावायचा नाही. आपला अंक फाटकावरच्या पिशवीत टाकायचा आणि चालू लागायचं. क्षणाचं काम. आतल्याला सवड झाली की तो येऊन पिशवी घेणार, निवांत कुलूप लावून टाक्यात ओतणार. कुणी कुणासाठी थांबत नाही.

पिशवी भरली असेल तर? नवा अंक जुन्यातच कोंबायचा. चुरा होईल. होऊ दे! ओळखता येऊ नये हेच तर हवंय, चुरा झालेला बराच.

थोर लोकांनी हे कर्नलमध्ये इतरत्र आधीच केलेलं आहे, नंतर वाचलं. हरकत नाही. माझ्याकडे ते सायकलवरून आलं.

सकाळी सहा ते दुपारी चार. एकही चूक न निघता कोड कंपाइल झाला, हे आयुष्यात तिसऱ्यांदा.

२२ जुलै, मंगळवार

सहाशे अकराव्या खेपेला मिक्सर जळाला. डबा नाही, मिक्सर. नंदू नुसता हसतोय.

गावात काही लपत नाही. तासाभरात हमीदाचाची दारात, हातात त्यांचा मिक्सर. या वेळी छत्री मिटली. "माझा घे. पण रिकामा फिरवू नको, मसाला वाटायचाय मला. दोघींचं काम होईल."

मग त्या भांडं भरणार, मी डबा चालू-बंद करणार, त्या खूण मारणार. मसाल्याने दोघींच्या डोळ्यांत पाणी. मध्येच म्हणाल्या, "आता सांग, त्या दिवशी झालं काय होतं?"

सांगितलं. कोठीच्या खोलीत मीच, आतून कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, आणि बाहेरून मलाच कुणी पाठवलंय, कोठीतून तांदूळ आण म्हणून.

चाचींनी मिक्सरचं झाकण दाबलं. "म्हणजे तूच आत, तूच बाहेर. आणि माझी माणसं मध्ये."

"हो."

"हं." पुढची मिरची घातली. "लाव बटण."

एक हजार. एकही पिवळा नाही. लोकेशन एकही गहाळ नाही. एक हजार! चाची जाताना मसाल्याची बरणी ठेवून गेल्या, आणि दारातून म्हणाल्या, "डबा माझ्या बोटीवर पहिला लाव." माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मी विचारलं नाही.

२४ जुलै

तुकडा फक्त आमचा नाही, जगाच्या सामाईक कर्नलमध्ये गेलेला आहे. म्हणून दुरुस्तीही तिथे पाठवली, सगळ्यांनी तपासायला. खाली शिरस्त्याप्रमाणे दोन ओळी. चूक कोणी दाखवली: धर्मा, तांडेल, श्रीवर्धन. दुरुस्ती कोणी तपासली: हमीदा, बोटमालक, श्रीवर्धन.

धर्माला बंदरावर सांगितलं. "माझं नाव? कुठं कुठं दिसंल?"

"सगळीकडे. कायमचं."

"आन् मालकिणीचं?"

"त्यांचंही. मिक्सर त्यांचा होता."

"मंग माझं वर हाय का खाली?"

वर आहे म्हटल्यावर पानाची पिचकारी लांब गेली.

२७ जुलै, रविवार

कुठल्या तरी थंड देशातल्या तपासनिसाचा प्रश्न: डबा आधी सुरू करा असं तुमच्याच कागदात आहे, मग कोणी आधी इंजिन का लावेल?

दोन तास घालवले उत्तरावर. लांबलचक लिहिलं, खोडलं. शेवटी धर्माचंच वाक्य इंग्रजीत घातलं: स्टार्टरला बॅटरी पूर्ण लागते. सगळ्या बंदरात आधी इंजिन लागतं.

२८ जुलै

उत्तर आलं. "पटलं. मग चूक कर्नलची आहे, बोटीची नाही. घेतो."

एवढंच. छापून घेतलं. ओटीवर चिकटवू का म्हणून नंदूला विचारलं, तर खळ शोधायला गेलासुद्धा.

मला वाटत होतं मी माझा तुकडा वाचवायला झगडतेय. तसं नव्हतं. ते वाक्य वाचल्यावर कळलं, मला ते धर्मासाठी हवं होतं. थोडं माझ्यासाठी. बरं, अर्धं अर्धं.

३१ जुलै

समीर स्वतः गाडी घेऊन आला. दोन दिवसांत बेचाळीस डबे नवे करायचे. अलिबाग ते काशीद त्याने, मुरूड ते श्रीवर्धन मी. त्याच्या गाडीत स्टिकरचा गठ्ठा, आधीच छापलेला. "मॅडम, मानलं तुम्हाला. याचं काय करू?"

नंदूने पाठकोऱ्या बाजूवर सुपारीच्या पोत्यांची नावं घालायला घेतला.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

धर्माला वाहायला नारळ आमच्या वाडीतला हवा होता. नंदूने स्वतः काढला. हमीदाचाचींनी बोटीवर फातेहा पढून घेतली. दोन्ही झाल्याशिवाय ही बोट निघत नाही, कधीपासून ते कुणालाच आठवत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

पहाटे बोट गेली. धक्क्यावर होते. धर्माने आधी इंजिन लावलं, माझ्याकडे बघून मुद्दाम थांबला, मिशीत हसला, मग डबा. पिवळा. हिरवा.

चाचींनी माझं मनगट धरलं होतं ते तेव्हा सोडलं. वळ उठलाय.

घरी येऊन पडदा लावला. दर अर्ध्या तासाला डबा आपण होऊन निरोप पाठवतो: आहे, इथे आहे. आज निघालेल्या नऊ बोटी, सातच्या ठोक्याला नऊ निरोप. साडेसातला नऊ. समीरने फोनवर शिट्टी मारली. मीही. आता शीळ घातली तर चालते.

मग उगाच, हात मोकळे होते म्हणून, माझी ती टीप पूर्ण कर्नलमध्ये शोधली. "इथवर अजून इंटरप्ट येत नाहीत." थोड्याफार फरकाने चार ठिकाणी सापडली. चार वेगळ्या माणसांनी, तितक्याच खात्रीने लिहिलेली. एक पुन्हा मीच, आमच्याच डब्यात, रेडिओच्या तुकड्यात. तिथे कदाचित खरी असेल. कदाचित. निरोप त्याच रस्त्याने जातो.

समीरला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मिक्सर घेऊ का नवीन?"

चाची आल्यात, जेवायला थांबवलंय. त्यांना सांगितलं नाही अजून. सांगणार आहे, जेवण झालं की. पडद्याकडे पाठ करून त्या कांदा चिरतायत, पण दर निरोपाला टिंग वाजली की सुरी थांबते.

बाराचा आला. नऊही. साडेबाराला चार मिनिटं आहेत.